जड बेसची बाजू

शहापूर-मुरबाडच्या गावांत हळदीच्या रात्री डीजेची पारख एकाच प्रश्नाने होते: बेस कसा आहे? गाणे कोणते, गायक कोण, हे नंतर. टेम्पोवर रचलेल्या 18 इंची स्पीकरच्या भिंतीतून छातीत धडधड उठली की पैसे वसूल. या भिंतीशेजारी 1960-70च्या दशकातला वाल्व्हचा बेस गिटार ॲम्प्लिफायर ठेवून पाहणे विचित्र वाटेल. ते यंत्र परदेशी रॉक मंचाचे, आणि हा मांडव आपल्या अंगणातला. पण दोघांचे काम एकच, खालचा सूर गर्दीपर्यंत पोचवणे. ते काम दोघे कसे करतात हे ताडून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या यंत्राच्या जडपणात एक मर्यादा होती आणि त्या मर्यादेने बेसला संगीताच्या हद्दीत ठेवले होते. नव्या तंत्राने ती मर्यादा काढून टाकली आहे. आता ती वाजवणाऱ्याने आणि वाजवून घेणाऱ्याने स्वतःहून पाळावी लागेल.

आधी वजनाचा हिशेब. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये ‘प्रिसिजन बेस’ ही बेस गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी ‘बेसमन’ हा ॲम्प काढला. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर सुमारे 41 हर्ट्झचा. हवेतली त्याची एक लाट आठ मीटरहून लांब. इतक्या खालच्या सुरांना आपला कान मंद असतो, म्हणून तो सूर नीट ऐकू यायला स्पीकरला पुष्कळ हवा ढकलावी लागते आणि ॲम्पला पुष्कळ वॅट पुरवावे लागतात. वाल्व्हच्या काळात वॅट म्हणजे लोखंड आणि तांबे. विजेसाठी एक मोठा ट्रान्सफॉर्मर, वाल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये दुसरा. 1969 मध्ये आलेल्या अँपेगच्या ‘एसव्हीटी’ने 300 वॅट गाठले ते अशाच बांधणीवर. त्याचा नुसता माथा, म्हणजे स्पीकरविना ॲम्प, 38 किलोंच्या आसपास भरे. खाली दहा इंची आठ स्पीकरची चार फूट उंच पेटी. वादकांनी तिला ‘फ्रीज’ हे नाव दिले ते उगाच नव्हे. तो माथा आणि तशा दोन पेट्या, असा हा मूळ संसार.

या यंत्राच्या आवाजाला आजही चाहते आहेत आणि त्यामागे निव्वळ जुन्याची हौस नाही. वाल्व्हवर कुवतीपेक्षा जास्त भार आला की तो आवाज कचकन कापत नाही, लाटेचा माथा हळूहळू दाबत जातो. त्या दाबण्यातून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे सूर उमटतात. इथे एक लक्षात घेण्याजोगी बाब आहे. त्या गाजलेल्या पेटीच्या पुढच्या काळातल्या नमुन्याचा आवाज 58 हर्ट्झच्या आसपासच उतरू लागतो. म्हणजे 41 हर्ट्झचा मूळ सूर तिच्यातून पुरता निघतच नाही. तरी श्रोत्याला तो ऐकू येतो, कारण 82 आणि 123 हर्ट्झचे वरचे सूर मिळाले की मेंदू खालचा सूर आपसूक भरून काढतो. जमीन न हादरवता बेस कानात भरतो तो असा. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातल्या टोनी वाझ यांची बेस गिटार रेडिओच्या छोट्या स्पीकरमधूनही ओळखू येई, त्यामागेही कानाचा हाच गुण आहे.

तोटे मात्र ढीगभर, आणि आपल्या तालुक्यांत तर ते दुणावतात. मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरचे स्टेशन आसनगावला. सामान टेम्पोनेच फिरणार आणि पाड्यावरच्या कच्च्या वाटेवर शेवटचा पल्ला खांद्यावरून. पौषी पौर्णिमेच्या म्हसा यात्रेसारख्या उघड्या माळावर 300 वॅट वाऱ्यावर विरून जातात, कारण खोलीतल्या भिंती बेसला जो आधार देतात तो तिथे नसतो. संध्याकाळी विजेचा दाब पडला की वाल्व्हचा ॲम्पही मलूल होतो. अनेक नव्या हलक्या ॲम्पमधला स्विचिंग पुरवठा मात्र 100 ते 240 व्होल्टपर्यंत बिनतक्रार चालतो. पावसाळ्याच्या दमट हवेत प्लायवूड फुगते, लोखंड गंजते. दुरुस्ती सोपी हा जुन्या यंत्राचा गुण खरा, सुटा भाग बदलला की काम झाले. पण बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात, तेव्हा तो नवशिक्याचा खेळ नव्हे. शिवाय वाल्व्ह झिजतात आणि ते बनवणारे कारखाने आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये उरले आहेत. दोन-तीन किलोंचा नवा क्लास-डी ॲम्प 500 वॅट देत असताना फिरत्या वादकाने हे ओझे का वाहावे?

वाहू नये, हेच सरळ उत्तर. पण वॅट हलके आणि स्वस्त झाल्याचा दुसरा परिणामही पाहायला हवा. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा तर सुमारे दहापट वॅट लागतात. वाल्व्हच्या काळात दहापट वॅट म्हणजे ट्रकभर लोखंड होते, म्हणून हाव तिथेच थांबे. आज ते एका टेम्पोत मावतात. त्यातून वरचे सूर समोरच्या दिशेने जातात, तर खालचे चहूकडे पसरतात आणि कुडाच्याच काय, विटांच्या भिंतीतूनही पार होतात. नाचणाऱ्याच्या धडधडीतला वाटा मागच्या आळीतल्या आजाऱ्यालाही मिळतो.

यावर कोणी म्हणेल, त्यासाठी कायदा आहे. आहेच. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीबाबत सविस्तर आदेश दिले. पण ही मर्यादा ‘ए’ मापातली आहे, आणि ते माप 63 हर्ट्झचा आवाज सुमारे 26 डेसिबलने कमी धरते. मीटरवर आकडा बेताचा आणि खिडकीची तावदाने थरथरताहेत, असे होऊ शकते ते यामुळे. नियमाचा धाक हवाच. मात्र बेसच्या बाबतीत तो अपुरा पडतो.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. एसव्हीटी तरी कुठे साधुसंत होता? रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या 1969च्या दौऱ्यात तो वाजला आणि मोठमोठी सभागृहे भरून काढणे हेच त्याचे काम होते. खरे आहे. त्याची मर्यादा सद्गुणातून आली नव्हती, नाइलाजातून आली होती. पण नाइलाजातून सापडलेली युक्ती टाकून द्यावी असे थोडेच आहे? तिसरा आक्षेप गावातूनच येईल: वर्षातून एकदा नाचतो, तेही शहरी कानांना खुपते का? आनंदाला हरकत कोणाचीच नाही. नाचाला ठेका लागतो, आणि ठेका कळतो तो ढोलकीच्या थापेतून, बेसच्या वरच्या सुरांतून. 40 हर्ट्झचा भार वाढवून ठेका जास्त स्पष्ट होत नाही, उलट गढूळ होतो.

म्हणून जड ॲम्प जिथे हलवावा लागत नाही तिथे, स्टुडिओत किंवा कायमच्या रंगमंचावर, खुशाल जपावा. बेंजो पार्टीने, ऑर्केस्ट्राने आणि डीजेने हलकेच यंत्र घ्यावे, पण वाजवताना जुन्याची रीत उचलावी. 50 हर्ट्झच्या खालचा भाग फिल्टरने छाटावा, त्याच्या वरच्या बेसला थोडा वाल्व्हसारखा दाब द्यावा, पेट्या निम्म्या आणाव्यात. डिझेल वाचेल, हमाली वाचेल, स्पीकर कमी फाटतील. आणि सुपारी देताना यजमानाने पेट्या किती हे विचारण्याऐवजी गाण्यातली बेसची ओळ ऐकू येते का, एवढे विचारले तरी वाजवणाऱ्याचा नाइलाज होईल.