घेवड्यावरचा मावा आणि तंबाखूचे पाणी

घेवड्यावर, चवळीवर मावा पडला की दवाखान्यात एखादा तरी रुग्ण येतो. दरदरून घाम, मळमळ, उलट्या, चक्कर. "डॉक्टरसाहेब, विषारी औषध मारलंच नाही, घरचं तंबाखूचं पाणी होतं!" अहो, तेच तर विष! तंबाखूतील निकोटीन जसे माव्याला मारते, तसेच ते भिजलेल्या कपड्यांतून आणि कातडीतून फवारणाऱ्याच्या अंगातही भिनते. अशा वेळी कपडे ताबडतोब उतरवावेत, अंग साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे आणि रुग्णाला दवाखान्यात आणावे.

त्यापेक्षा निंबोळी अर्क कितीतरी बरा. परसातल्या वेलांसाठी वाळलेल्या निंबोळ्यांतील अर्धा किलो मगज जाडसर कुटावा, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवावा. सकाळी पिळून, गाळून एकूण १० लिटर पाणी करावे व त्यात थोडा साबणचुरा विरघळवावा. हा ५ टक्के अर्क झाला. त्यातील अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होते, म्हणून त्याच दिवशी, पण ऊन उतरल्यावर फवारावे. याने कीड लगेच मरत नाही. तिचे खाणे मंदावते, अळीला नीट कात टाकता येत नाही. चार दिवस धीर धरावा. अधीर होऊन त्यात दुकानातले औषध मिसळले, तर सगळाच खटाटोप वाया!

आणि निंबोळीचे तेल जंतांसाठी लहान मुलांना चमचाभरही पाजू नये. त्याने मुलांना झटके येतात, जीवही जाऊ शकतो.