पावसाळी रात्र आणि मोटारींची शर्यत

पावसाळ्यात रात्रीच्या वेळी ज्यांनी मोटार चालविली आहे, त्यांना एक अनुभव खचित आला असेल. दिवसा ओळखीचा असलेला रस्ता त्या वेळी परका होतो. दिवे चालू असतात, काच पुसली जात असते, आणि तरीही समोर काळोखाखेरीज काही नाही असे वाटते. एखादा ट्रक समोरून आला की त्याच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि तो निघून गेल्यावर क्षणभर काहीच दिसेनासे होते. अशा वेळी शहाणा मनुष्य वेग कमी करतो. आता अशी कल्पना करा की, त्याच अंधारात आणि त्याच पावसात पन्नास-साठ मोटारी एकाच मार्गावर धावत आहेत, सरळ रस्त्यावर त्यांचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जात आहे, आणि जो वेग कमी करील तो मागे पडणार आहे. फ्रान्समधील ल मान येथे १९२३ साली चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी पावसाने आणि गारांनी स्पर्धकांना झोडपले होते. तेव्हापासून पाऊस आणि रात्र यांची गाठ तेथे कितीदा तरी पडली आहे. अशी शर्यत सुरक्षित कशी करावी, किंबहुना ती सुरक्षित करता येते काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम पाण्याचा विचार करू. मोटार कितीही शक्तिमान असली तरी रस्त्याशी तिचा संबंध चार टायरांच्या चार लहानशा पट्ट्यांपुरताच असतो. वळणे, थांबणे, वेग घेणे या साऱ्या क्रिया त्या चार पट्ट्यांच्या पकडीवर अवलंबून असतात. रस्त्यावर पाणी साचले की टायरला ते बाजूला सारावे लागते. वेग वाढेल तसा त्यासाठी मिळणारा अवधी कमी होतो, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी बाजूला होण्याऐवजी टायरच पाण्यावर चढतो. मग चाक फिरविले तरी गाडी वळत नाही आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही. कोरड्या दिवसासाठी बनविलेले शर्यतीचे टायर अगदी गुळगुळीत असतात, म्हणून पावसात त्यांचा काही उपयोग नसतो. पावसासाठी खोल खाचा असलेले वेगळे टायर लावतात. फॉर्म्युला वनच्या गाड्यांचा असा एक टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला दर सेकंदास ८५ लिटरपर्यंत पाणी बाहेर फेकतो, असे तो बनविणारी पिरेली कंपनी सांगते. म्हणजे एका सेकंदात चार मोठ्या बादल्या, आणि त्याही एकाच टायरमागे.

परंतु बाहेर फेकलेले हे पाणी जाते कोठे? ते तुषार होऊन गाडीच्या मागे हवेत उभे राहते. ज्या टायरने पुढच्या चालकाला पकड दिली, त्याच टायरने मागच्या चालकाची दृष्टी हिरावून घेतली, असा हा विचित्र प्रकार आहे. पावसातील शर्यतीची खरी अडचण येथे सुरू होते.

दिवसा हा तुषारांचा पडदा पांढरा दिसतो. रात्री प्रश्न अधिक बिकट होतो, कारण प्रकाशाचे वर्तनच बदलते. कोरड्या रस्त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे दिव्यांचा प्रकाश त्यावरून सर्व दिशांना विखुरतो. त्यातला काही चालकाच्या डोळ्यांपर्यंत परत येतो आणि त्याला रस्ता दिसतो. ओला रस्ता मात्र आरशासारखा वागतो. तो दिव्यांचा प्रकाश पुढच्या पुढे ढकलून देतो. त्यामुळे स्वतःचे दिवे प्रखर असूनही चालकाला रस्ता काळाच दिसतो. उलट, हवेतील थेंब मात्र त्याचाच प्रकाश त्याच्याच डोळ्यांवर परत फेकतात. जो दिवा दाखविण्यासाठी लावला, तोच दिपवू लागतो.

अशा वेळी पुढे गाडी आहे हे समजण्याचे साधन एकच उरते, ते म्हणजे तिच्या मागचा तांबडा दिवा. म्हणून पावसात तो लावणे शर्यतीच्या गाड्यांना बंधनकारक असते, आणि २०१९ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या मागील पंखाच्या दोन्ही कडांवरही दिवे बसविण्यात आले आहेत. तरी या दिव्याचीही एक मर्यादा आहे. पुढे कोणी आहे एवढे तो सांगतो. ते किती अंतरावर आहे, धावत आहे की थांबले आहे, हे तो सांगत नाही. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ८३ मीटर पुढे जाते. तांबडा ठिपका स्थिर आहे की धावता आहे हे ओळखण्यात एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर तोडलेले असते, आणि ब्रेकवर पाय अजून पडायचाच असतो.

म्हणूनच, माझ्या समजुतीप्रमाणे, पावसाळी रात्री सर्वांत मोठे भय घसरण्याचे नसते. घसरलेली गाडी पुष्कळदा मोकळ्या जागेत जाऊन थांबते आणि चालक सुखरूप बाहेर येतो. मोठे भय असते ते जेथे काही नसावे तेथे काही उभे असण्याचे, आणि ते वेळेवर न दिसण्याचे.

दोन घटनांवरून हे स्पष्ट होईल. २१ जून १९५८ रोजी ल मानची शर्यत सुरू झाली आणि संध्याकाळी मुसळधार पाऊस कोसळू लागला. रात्री दहाच्या सुमारास झाँ-मारी ब्रुसाँ या फ्रेंच चालकाची जॅग्वार गाडी उलटली. मागून आलेल्या ब्रूस केसलर या अमेरिकन चालकाची फेरारी त्या मोडलेल्या गाडीवर आदळली. केसलर बचावला, ब्रुसाँ मरण पावला.

दुसरी घटना ५ ऑक्टोबर २०१४ ची, जपानमधील सुझुका येथील. वादळ जवळ येत होते, पाऊस पडत होता, दिवस कलू लागला होता. आद्रियान सुटिल याची गाडी घसरून मार्गाबाहेर गेली. ती उचलण्यासाठी एक यंत्र आत आले आणि धोक्याचे दुहेरी पिवळे निशाण दाखविण्यात आले. पुढच्याच फेरीत ज्यूल बियांकी हा तरुण फ्रेंच चालक त्याच ठिकाणी घसरला आणि त्याची ७०० किलोंची गाडी ६,५०० किलोंच्या त्या यंत्रावर ताशी १२६ किलोमीटर वेगाने आदळली. तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. १७ जुलै २०१५ रोजी त्याचा अंत झाला. या दोन घटनांमध्ये छपन्न वर्षांचे अंतर आहे. गाड्या बदलल्या, टायर बदलले, दिवे बदलले. पण दोन्हीकडे दुसरी गाडी पहिलीच्या ठिकाणी येऊन पोहोचली, आणि वाट मोकळी नव्हती.

सुझुकाच्या अपघाताची चौकशी झाली, आणि तीतून निघालेले निष्कर्ष विचार करण्यासारखे आहेत. चालकाने पुरेसा वेग कमी केला नव्हता, असे समितीने नोंदविले. परंतु वेग किती कमी करावा हे निशाण पाहून ज्याने त्याने ठरवावे, ही पद्धतच अपुरी आहे, हेही त्यातून दिसून आले. म्हणून २०१५ पासून ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ नावाची व्यवस्था आली. तीत प्रत्यक्ष गाडी पुढे धावत नाही. सर्व चालकांना एकाच वेळी संदेश जातो आणि ठरवून दिलेल्या वेगाहून जलद कोणालाही जाता येत नाही. ल मान येथेही अपघाताच्या जागेपुरता ताशी ८० किलोमीटरचा मंद टापू करतात. आणखी एक शिफारस अशी होती की, रात्रीसाठीच योजलेल्या शर्यती सोडल्यास, शर्यत सूर्यास्ताच्या निदान चार तास आधी सुरू व्हावी. तीनुसार त्या वर्षी अनेक शर्यतींच्या वेळा अलीकडे आणण्यात आल्या.

ही शिफारस साधी वाटते, पण तिच्यामागे पैशाचा प्रश्न आहे. ५ एप्रिल २००९ रोजी मलेशियात शर्यत संध्याकाळी पाच वाजता सुरू झाली. युरोपातील प्रेक्षकांना दूरचित्रवाणीवर ती सोयीच्या वेळी पाहता यावी, हा हेतू होता. तेथे संध्याकाळी वळवासारखा पाऊस येतो हे सर्वांना ठाऊक होते. तो आला. शर्यत थांबली, पाऊस ओसरण्याची वाट पाहण्यात आली, आणि तोवर उजेडच राहिला नाही. निम्मे गुण वाटून शर्यत संपविण्यात आली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण वेळापत्रक आखतानाच धोका आखला गेला होता, हे विसरून चालणार नाही.

मग रात्रीचा दिवस करावा काय? सिंगापूरने तो प्रयत्न केला आहे. तेथे २००८ साली फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत झाली. सबंध मार्गावर दिवे उभारून सुमारे ३००० लक्स इतका प्रकाश पाडण्यात आला. आपल्या कचेरीतील मेजावर ५०० लक्स प्रकाश पुरेसा मानतात, यावरून त्याची कल्पना यावी. तथापि प्रकाशाने अर्धेच संकट टळते. २०१७ साली तेथे ओल्या रस्त्यावर शर्यत सुरू झाली आणि एवढ्या लखलखाटात पहिल्या काही क्षणांतच चार गाड्या एकमेकींत अडकल्या. २०२२ साली पावसामुळे शर्यत ६५ मिनिटे उशिरा सुरू करण्यात आली. दिवे अंधार घालवतात. पाणी आणि तुषार घालवू शकत नाहीत.

राहता राहिला एक उपाय, आणि तो सर्वांत जुना आहे. तो म्हणजे थांबणे. २०२४ च्या ल मान शर्यतीत रात्री जोराचा पाऊस आला, तेव्हा चार तासांहून अधिक काळ सर्व गाड्या सेफ्टी कारच्या मागे मंद गतीने चालविण्यात आल्या. प्रेक्षकांना ते कंटाळवाणे वाटले असेल; पण सकाळ झाल्यावर शर्यत पुन्हा रंगली आणि दुपारी तिचा निकालही लागला. असे थांबविण्यामागे इतरही विचार असतो. मार्गाच्या कडेला निशाणे घेऊन उभे असलेले स्वयंसेवक त्याच अंधारात भिजत असतात, आणि त्यांच्याभोवती गाडीचे पोलादी कवच नसते. जखमी माणसाला हेलिकॉप्टरने अथवा रस्त्याने वेळेत रुग्णालयात नेता येईल काय, हेही पाहावे लागते.

हा विचार आता आपल्यालाही परका राहिलेला नाही. चेन्नई येथे शहरातील रस्त्यांवर, सुमारे साडेतीन किलोमीटरच्या मार्गावर, रात्रीच्या शर्यती योजण्यात आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्या व्हावयाच्या होत्या; परंतु ‘मिचाँग’ चक्रीवादळाने शहरात पूर आणला आणि त्या पुढे ढकलाव्या लागल्या. अखेर ऑगस्ट २०२४ च्या शेवटी त्या पार पडल्या. ज्या देशात वर्षातील काही महिने आभाळच वेळापत्रक ठरविते, तेथे शर्यत भरविणाऱ्यांनी पंचांगाइतकेच पावसाकडेही पाहिले पाहिजे.

शेवटी एका माणसाची आठवण होते. २४ ऑक्टोबर १९७६ रोजी जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी वर्षातील शेवटची शर्यत होती. पाऊस आणि धुके यांमुळे ती उशिरा सुरू झाली. जगज्जेतेपदासाठी सर्वांत पुढे असलेला निकी लाउडा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भीषण आगीतून वाचला होता. दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी आत आणली आणि तो खाली उतरला. जगज्जेतेपद त्याने अवघ्या एका गुणाने गमावले. त्या निर्णयास मोठे धैर्य लागते, यात शंका नाही. परंतु ज्या खेळात सुरक्षितता एका चालकाच्या अशा धैर्यावर सोडावी लागते, त्या खेळाच्या व्यवस्थेत काहीतरी उणे आहे. चालकाला समोरचे दिसत नाही; म्हणूनच ज्यांच्या हाती घड्याळ आणि तांबडे निशाण आहे, त्यांनी त्याच्या आधी पाहावयाचे असते.