उसन्या माणसांचा तुरुंग

1895 सालचा पौष महिना. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता. धुळ्याहून कारभार चालणाऱ्या खानदेश जिल्ह्यातला एक तालुका होता. नवा तुरुंग कायदा 1894 च्या जुलैत लागू झालेला. खाली मांडलेला दिवस कुणा एका माणसाचा नाही. त्या कायद्याची कलमं आणि तालुका-जिल्ह्याच्या कारभाराची रीत यांवरून तो जुळवला आहे. वेळा अदमासे धरल्या आहेत.

पहाटे साडेपाच, नंदुरबार

मामलेदार कचेरीत पहारा बदलतो. पहारेकऱ्याच्या नजरेखाली दोन दारं : एकाआड साऱ्याची रोकड, दुसऱ्याआड माणसं. तालुक्याच्या कैदखान्याला स्वतःचा शिपाई नाही. पोलीस खजिना राखता राखता कैदीही राखतात. हवालदार कुलूप काढतो, डोकी मोजतो. आकडा काल रात्रीचाच भरला की त्याच्या जिवात जीव येतो.

आज एकाला धुळ्याला न्यायचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल. राखीव जंगलात लाकूड तोडलं म्हणून चार महिने. रेल्वे अजून आलेली नाही. दोंडाईच्यावरून पन्नास मैलांहून जास्त वाट, तीही पायी. हातात बेडी, मागेपुढे दोन शिपाई, एकाच्या कमरेला शिक्षेचा कागद. हे दोघे परत येईपर्यंत इथला पहारा दोघांनी कमी.

सकाळी सहा, धुळे

जिल्ह्याच्या तुरुंगात घंटा होते. बराकी उघडतात, कैदी जोडीजोडीने बसतात, मोजणी सुरू होते. मोजणारा जेलर, पण रात्रभर आतून पहारा दिला तो कैद्यांनीच. चांगल्या चालीचा, बरीच शिक्षा भोगून झालेला कैदी हेरून त्याला पहारेकरी करायचं, पुढे मुकादम, त्याहून पुढे वॉर्डर, अशी ही चढण. कायद्याचं तेविसावं कलम तर अशा कैद्याला सरकारी नोकर मानतं. काल दरोड्यासाठी ज्याला सरकारने धरलं, त्याच्याच हाती आज सरकारने दंडुका दिला आहे. यात उदारपणा नाही, हिशेब आहे. पगारी माणूस महाग पडतो. कैदी वॉर्डर नाहीतरी तुरुंगाचीच भाकरी खातो.

सकाळी साडेआठ

साहेब येतात. जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन तेच आणि तुरुंगाचे सुपरिंटेंडेंटही तेच. वैद्यकीय अधिकाऱ्यालाच सुपरिंटेंडेंट नेमायची मोकळीक कायद्याने ठेवली आहे आणि सरकारने ती जिल्ह्याजिल्ह्यांत सढळ हाताने घेतली आहे. साहेबांचं निम्मं मन दवाखान्यात असतं. शिवाय त्यांच्या डोक्यावर दोन धनी : तुरुंगखात्याचे इन्स्पेक्टर जनरल आणि इथले जिल्हा मॅजिस्ट्रेट, म्हणजे कलेक्टर. कायद्याला धरून असलेला कलेक्टरांचा प्रत्येक हुकूम पाळायचा आणि तो पाळल्याचं इन्स्पेक्टर जनरलना कळवायचं.

आज वजनाचा दिवस. काम करणाऱ्या कैद्याचं वजन पंधरवड्यातून एकदा तरी त्याच्या नोंदीच्या तिकिटावर चढलंच पाहिजे. काटा खाली आला की डॉक्टर म्हणून साहेब चक्की बंद करायला सांगतात. मग सुपरिंटेंडेंट म्हणून त्यांनाच विचार पडतो, दळायचं कुणी?

सकाळी अकरा, नंदुरबार

मामलेदार आधी साऱ्याची थकबाकी पाहतात, मग मॅजिस्ट्रेट होऊन बसतात. दुसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला सहा महिने कैद आणि दोनशे रुपये दंड इतकी सत्ता. परवान्यावाचून मोहाची दारू गाळणारा एक जण समोर उभा आहे. तो त्याच्या बोलीत सांगतो, शिपाई मराठीत उलथून सांगतो, कारकून मोडीत उतरवून घेतो. दंड भरायला पैसे नाहीत, म्हणून आठ दिवस आत. शिक्षा सुनावणारे मामलेदार, आणि पलीकडच्या दाराची जबाबदारीही मामलेदारांचीच. आठ दिवसांसाठी धुळ्याची वाट कोण तुडवणार? त्याच्या भाकरीचा खर्च अव्वल कारकुनाच्या हिशेबात एका ओळीने वाढतो.

दुपारी दोन, धुळे

दरवाज्यावर नंदुरबारची आणखी एक टोळी पोचते. ही काही दिवसांपूर्वी निघालेली. पाय धुळीने पांढरे. दरवाजेकरी आधी शिपायांकडे पाहतो, मग कैद्यांकडे. आत-बाहेर जाणारी कुठलीही वस्तू तपासायचा त्याला हक्क आहे, आणि तंबाखू कैद्याच्या धोतरातूनच आत येते असं थोडंच आहे? कैद्याशी देवघेव करायला नोकराला बंदी आहे, तुरुंगाच्या ठेक्यात भागी घ्यायलाही. ज्या गोष्टीला कायद्यात नावानिशी बंदी असते, ती कुठेतरी चाललेली असते.

मग झडती. अंगावरचा पैसाअडका वहीत. अंगावरच्या जखमा आणि खुणा वहीत. कुठल्या कामाला लायक, तेही वहीत. बायकांची झडती मेट्रनने घ्यायची.

एका बाजूला दिवाणी कैदी बसला आहे, कर्ज फेडता न आलेला शेतकरी. त्याच्या खाण्याचा भत्ता सावकाराने भरायचा. तो थकला की हा सुटला. 1879 च्या कायद्याने पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर इथल्या शेतकऱ्याची सावकारी देण्यापायीची कैद उठवली. त्या चार नावांत खानदेश नव्हता.

दुपारी चार

चक्क्यांची घरघर. सक्तमजुरीच्या कैद्याकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घ्यायचं तर सुपरिंटेंडेंटची लेखी परवानगी लागते. पूर्वी कैद्यांना बेड्यांसकट सडकेच्या कामावर नेत. 1838 च्या तुरुंग कमिटीने त्यावर कडक ताशेरे ओढले. हळूहळू काम भिंतीआड आलं. पण उघड्यावर दुरून एक बंदूकवाला पुरे. इथे प्रत्येक जात्यापाशी डोळा हवा. म्हणून पुन्हा मुकादम, म्हणजे पुन्हा कैदीच.

संध्याकाळी सहा

भाकरी-वरण, झडती, मोजणी, बंदी. कुलपं लागतात. किल्ल्या जेलरकडे येतात.

रात्री नऊ

सुपरिंटेंडेंट आपल्या बंगल्यावर आहेत. मामलेदार नंदुरबारला आपल्या घरी. सकाळी निघालेला भिल्ल वाटेवरच्या एखाद्या गावच्या चावडीत, दोन शिपायांच्या मधे. या सगळ्या यंत्रणेत पूर्णपणे तुरुंगाचा म्हणावा असा जबाबदार माणूस एकच, जेलर. कायद्याने त्याचं राहणं तुरुंगातच. एक रात्र बाहेर काढायची तर सुपरिंटेंडेंटची लेखी परवानगी काढावी लागते. बाकी सारे उसने : डॉक्टर दवाखान्याचा, मामलेदार महसुलाचा, शिपाई खजिन्याचे, पहारेकरी बराकीतले.

कंदिलाशी जेलर सुटकेच्या तारखांची वही उघडतो. तीन नंबरच्या बराकीचा पहारेकरी मोजणीत कधी चुकत नाही, भांडण मारामारीवर जाण्याआधी मिटवतो, तंबाखूला शिवत नाही. त्याला माफीचे दिवसही भरपूर मिळाले आहेत. पुढच्या महिन्यात तो सुटणार. जेलर त्या तारखेवर बोट ठेवून थांबतो, आणि त्याच्या जागी बसवता येईल असं नाव शोधायला पानं उलटू लागतो.