स्प्लिटच्या आधी घेऊ की नंतर? बर्डीतून आलेला एक प्रश्न

आजचा प्रश्न आपल्या नागपूरच्या सीताबर्डीतून आलाय. बर्डीत मोबाईलच्या दुकानात कामाला असलेला एक श्रोता विचारतो, "भाऊ, ग्रुपवर मेसेज फिरून राहिला की एक शेअर स्प्लिट होणार, एकाचे पाच मिळणार. माझ्याकडे साठवलेले 12,000 आहेत. आधी घेऊ की नंतर?"

आधी सरळ उत्तर देतो. स्प्लिटमुळे तुमच्या पैशात एक रुपयाचीही भर पडत नाही. त्यामुळे फक्त स्प्लिटसाठी घाई करू नका, आणि फक्त स्प्लिटसाठी थांबूही नका. आता का ते बघू.

समजा शेअरचा भाव 3,000 रुपये आहे. 12,000 मध्ये चार शेअर आले. कंपनीने 10 रुपये फेस व्हॅल्यूचा शेअर 2 रुपयांचा केला, म्हणजे एकाचे पाच. तुमच्याकडे आता 20 शेअर, पण भाव झाला साधारण 600. गुणाकार करा: 12,000च. संत्रा बर्फीच्या एका वडीचे पाच तुकडे केले, तर डब्यातली बर्फी वाढत नाही ना? तेच इथे.

मग कंपन्या हे करतात काहून? भाव आवाक्यात यावा म्हणून. आपल्याकडे अर्धा-पाव शेअर विकत मिळत नाही, अख्खाच घ्यावा लागतो. तुमचं बजेट 2,000 आणि शेअर 3,000 चा, तर स्प्लिटनंतर तीन शेअर घेता येतील. "नंतर घ्या" म्हणायला हे एक खरं कारण आहे. पण भाव लहान दिसला म्हणजे शेअर स्वस्त झाला, असं नाही. उलटही खरं. एमआरएफचा शेअर जून 2023 मध्ये 1 लाखाच्या वर गेला. फेस व्हॅल्यू तीच, 10 रुपये. नुसत्या भावावरून तो महाग की स्वस्त, हे सांगता येतच नाही.

आता आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. सोलार इंडस्ट्रीज, सत्यनारायण नुवाल यांची नागपूरची कंपनी, खाणींसाठी स्फोटकं बनवते. 2016 साली तिने शेअर स्प्लिट केला, 10 रुपयांचा 2 रुपयांचा, एकाचे पाच. पुढे 2024 मध्ये तोच छोटा झालेला शेअर 10,000 च्या वर गेला. हे स्प्लिटने झालं का? नाही. मधल्या काळात कंपनीचं संरक्षण क्षेत्रातलं काम वाढलं. नागास्त्र-1 हे ड्रोन लष्कराला दिलं. फेब्रुवारी 2025 मध्ये तिच्या उपकंपनीला पिनाका रॉकेटसाठी 6,084 कोटींचं कंत्राट मिळालं. म्हणजे 2016 मध्ये स्प्लिटच्या आदल्या दिवशी घेणारा आणि दुसऱ्या दिवशी घेणारा, दोघं आज जवळपास एकाच जागी आहेत. खरा फरक पडला तो टिकून राहिलेल्यात आणि विकून मोकळा झालेल्यात. (हा शेअर घ्या असं मी सांगत नाहीये. कंपनीकडे बघायचं म्हणजे सगळंच बघायचं. याच कंपनीच्या बाजारगावच्या कारखान्यात डिसेंबर 2023 मध्ये स्फोट होऊन नऊ कामगारांचा जीव गेला, तेही.)

दुसरं उदाहरण आयआरसीटीसीचं. ऑगस्ट 2021 मध्ये स्प्लिटची घोषणा झाली आणि भाव चढत गेला. 19 ऑक्टोबरला तो 6,000 च्या वर होता. स्प्लिट व्हायच्या आतच तो 4,100 च्या आसपास आला! "स्प्लिटच्या आधी घ्या" ऐकून वरच्या भावाला घेणाऱ्यांचं काय झालं असेल, विचार करा. 28 ऑक्टोबरला शेअर स्प्लिट होऊन ट्रेड झाला. त्याच संध्याकाळी बातमी आली की तिकिटाच्या सुविधा शुल्कातला अर्धा वाटा रेल्वे घेणार. दुसऱ्या दिवशी सकाळी भाव पाव हिश्श्याहून जास्त कोसळला. मग सरकारने निर्णय मागे घेतला आणि भाव बराचसा सावरला. भाव हलवला कमाईच्या बातमीने, तुकड्यांच्या संख्येने नाही.

तरीही कोणी घेणारच असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तारीख. जानेवारी 2023 पासून आपल्याकडे खरेदीचे शेअर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी डिमॅटमध्ये येतात. म्हणून रेकॉर्ड डेटच्या किमान एक ट्रेडिंग दिवस आधी खरेदी हवी. ती चुकली तरी नुकसान नाही, तुम्हाला कमी झालेल्या भावातच शेअर मिळतो.

दोन, ॲपमधला लाल आकडा. स्प्लिटच्या दिवशी भाव 600 दिसतो, पण नवे शेअर जमा व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर ॲप 80 टक्के तोटा दाखवू शकतं. घाबरून काही करू नका. आधी लावून ठेवलेल्या ऑर्डर मात्र तपासा, नव्या भावाने परत लावाव्या लागतील.

तीन, टॅक्स. 3,000 ला घेतलेल्या शेअरची किंमत आता प्रत्येकी 600 धरायची, आणि खरेदीची तारीख जुनीच राहते. वर्षाच्या आत विकून नफा झाला तर 20 टक्के कर. वर्षानंतर विकला तर वर्षभरातल्या 1.25 लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. बोनस शेअरचं वेगळं असतं, तिथे किंमत शून्य आणि तारीख बोनस मिळाल्याची.

चार, मेसेज पाठवणारा. कंपनी स्प्लिटची माहिती शेअर बाजाराला देते, ती एनएसई-बीएसईच्या साइटवर फुकट वाचता येते. म्हणजे ग्रुपवर येईपर्यंत ती सगळ्यांना माहीत झालेली असते. "आजच घ्या" म्हणणारा कदाचित स्वतःचे शेअर विकायला बसलेला असेल.

तर बर्डीच्या मित्रा, स्वतःला एकच प्रश्न विचार: स्प्लिट नसता, तरी ही कंपनी मी घेतली असती का? उत्तर हो असेल तर तारखेची काळजी सोड. नाही असेल, तर 12,000 खिशातच राहू दे, साठवायला वेळ लागला आहे त्यांना.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात बोनस आणि डिव्हिडंडचा गोंधळ सोडवू. भेटूच!