समतेची शाळा वसतिगृहात भरते

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव आज खारघरच्या बहुमजली इमारतींना खेटून उभे आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादित करण्याचे ठरले. त्यातून या परिसरात शेजारी असूनही परस्परांना अपरिचित असे तीन समाज नांदू लागले : गावठाणातील भूमिपुत्र, सेक्टरमधील नवे रहिवासी आणि खारघरच्या डोंगरावरील फणसवाडी, चाफेवाडीसारख्या पाड्यांतील आदिवासी. ही सीमारेषा कोणत्याही कायद्याने आखलेली नाही. घरांचे भाव आणि शाळांचे शुल्क ते काम बिनबोभाट करीत असतात.

अशा विभागलेल्या वस्तीत वेगवेगळ्या घरांतील मुले प्रथमच एका बाकावर येण्याची शक्यता असते ती महाविद्यालयात. खारघर शिक्षणसंस्थांचे केंद्र बनले असल्याने येथे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्राला या विषयात मोठा वारसा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास उत्तेजन दिले. ज्यांना शहरात राहावयास जागाच मिळत नव्हती, त्यांना त्यामुळे शिक्षणाचे दार उघडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर त्यांनी १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह सुरू केले की, जेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला स्थान मिळाले. श्रमाची लाज गेली की उच्चनीचतेचा एक आधार निखळतो, हे कर्मवीरांनी जाणले होते.

हीच परंपरा पनवेललाही लाभली. सिडकोची स्थापना झाली त्याच १९७० साली रयतचे महात्मा फुले महाविद्यालय येथे सुरू झाले. पारंपरिक व्यवसाय संपुष्टात येत असलेल्या शेतकरी, आगरी, कोळी कुटुंबांतील मुलांना गावाजवळ पदवी मिळवण्याची सोय झाली.

तथापि, प्रवेश मिळणे आणि सामावून घेतले जाणे यांत अंतर आहे. आरक्षणाने वर्गातील जागा मिळते. डबा कोणासोबत उघडायचा, वसतिगृहातील खोली कोणासोबत वाटून घ्यायची, हे त्याने ठरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेविषयीचे नियम करून समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली, ती याच कारणाने. मात्र तक्रार आल्यावर हलणारी यंत्रणा सहवास निर्माण करू शकत नाही.

ते काम महाविद्यालयाच्या रोजच्या व्यवहारातच व्हावयास हवे. वसतिगृहातील खोल्या मुद्दाम मिसळून देणे, प्रथमवर्षीय विद्यार्थ्यांना भाषेचे साहाय्य देणे, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दूरच्या खेड्याऐवजी जवळच्या पाड्यावर घेणे आणि त्या पाड्यावरील मुलगी पुढे त्याच महाविद्यालयात दाखल होईल असा पाठपुरावा करणे, या गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. ओव्यासारख्या गावालगतच्या महाविद्यालयाचे मोल निकालाच्या टक्केवारीबरोबरच या कसोटीवरही पारखले गेले पाहिजे.