ओळखीचं दुकान, मोठं दुकान आणि बिलाचा कागद



मागच्या महिन्यात आमच्या बचतगटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली आणि विषय निघाला मिक्सरचा. आमच्यातल्या एकीनं दिवाळीआधी नाशिकला जाऊन एका मोठ्या साखळी दुकानातून मिक्सर आणला होता. साखळी दुकान म्हणजे एकाच नावाच्या गावोगाव शाखा असतात ते. तिसऱ्या आठवड्यात शेंगदाण्याचं कूट करता करता मोटार जळाली. मिक्सर पिशवीत घालून ती एसटीनं परत गेली. काउंटरवरची मुलगी गोड बोलली, मॅडम म्हणाली, आणि कंपनीचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून देऊन मोकळी झाली. कंपनीवाले म्हणाले, दुकानात विचारा. असे दोन हेलपाटे झाले, दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

त्यावर एक मावशी म्हणाल्या, "म्हणूनच सांगते, ओळखीच्या दुकानातून घ्यावं." लगेच दुसरी उसळली. तिनं ओळखीच्याच दुकानातून कुकर घेतला होता. महिन्यात त्याचा दांडा निखळला, तर दुकानदार म्हणाला, "हा माझ्याकडचा कशावरून?" बिल तिनं मागितलंच नव्हतं. रोजच्या माणसाकडे बिल कसं मागायचं, लाज वाटते ना! मग तासभर वाद रंगला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

गावातल्या किराणा दुकानाचे उपकार आम्ही नाकारत नाही. लासलगावला कांदा जातो, पण पैसा घरात यायला वेळ लागतो. द्राक्षबागेतल्या मजुरीचंही तसंच. तोपर्यंत तेल, साखर, चहा उधारीवर देणारा हाच माणूस असतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एसटी बंद होत्या, तेव्हा त्याच्याच वहीवर आमच्या चुली पेटल्या. नाशिकच्या भांडी बाजारात अजूनही जुनं पितळ वजनावर घेऊन नवं भांडं देतात, वर लेकीचं नाव कोरून देतात. कितीतरी वेळा गोदावरीच्या पुराचं पाणी त्या दुकानांत शिरतं, चिखल काढून ती पुन्हा उघडतात. तिथं भांडं हातात घेऊन, ठोकून, वाजवून पाहता येतं आणि कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

पण ओळखीला दुसरी बाजूही आहे. आपण आधी आलेल्या असतो, तरी मागून आलेल्या पुरुषाला आधी सामान मिळतं. उधारी थोडी जास्त झाली की चार लोकांत ऐकवलं जातं. वहीत काय लिहिलं ते वाचून दाखव म्हटलं की तोंड वाकडं होतं. आणि सॅनिटरी पॅड? काउंटरवर गर्दी असली तर आमच्या मुली रिकाम्या हातानं घरी येतात. मोठ्या दुकानात त्या स्वतः फळीवरून पाकीट उचलतात, टोपलीत टाकतात, कुणी काही विचारत नाही. आमच्यातल्या तरुण पोरींना मोठं दुकान का आवडतं, याचं हे कारण आम्हा म्हाताऱ्यांच्या ध्यानात आलंच नव्हतं.

तिथला माल स्वस्त का, हेही समजून घेऊ. पवईत २००२ साली डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं, आता अशी दुकानं नाशिकमध्येही आहेत. ती माल एकदम मोठ्या प्रमाणात घेतात, म्हणून त्यांना कमी भावात मिळतो. शिवाय माल काढणं, निवडणं, गाडी ढकलत रांगेपर्यंत नेणं ही नोकराची कामं तिथं आपणच करतो. उधारी नाही, म्हणजे बुडीतही नाही. त्या बचतीतला थोडा भाग आपल्याला भावात मिळतो. मात्र तीन घ्या, एक फुकट घ्या अशा पाट्या पाहून गरज नसलेलं सामान घेतलं, की वाचलेले पैसे गेलेच, आणि वर एसटीचं भाडं. पाकिटावर आता एक ग्रॅमचा किंवा एक किलोचा भावही छापलेला असतो. मोठं पाकीट खरंच स्वस्त आहे का, हे तो पाहून लगेच कळतं. कधी कधी नसतंही.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० ला. तो कोपऱ्यावरच्या टपरीला आणि चार मजली दुकानाला सारखाच आहे. वस्तू सदोष निघाली तर बिलावर छापलेल्या मुदतीत ती परत घेऊन पैसे द्यायला हवेत. मुदत छापलेली नसेल तर ३० दिवस धरायचे. तेव्हा 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. साडीचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही, तर मात्र कायद्याचा आग्रह धरता येत नाही, तो त्या दुकानाच्या रिवाजाचा प्रश्न. बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच.

मोठ्या दुकानात फोन नंबर सांगितल्याशिवाय बिल होत नाही म्हणाले, तर ऐकू नका. नंबर देण्याची सक्ती करू नये, असं केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानं २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं आहे. पिशवीचंही तसंच. आधी काही न सांगता बिल करताना पिशवीचे पैसे लावणं चूक, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये एका साखळी दुकानाच्या प्रकरणात दिला. आणि गावातल्या दुकानात थंड बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त मागितले, 'फ्रीजचा खर्च' म्हणाले, तर तेही चालत नाही.

मिक्सरवालीनं शेवटी १९१५ हा नंबर लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तिच्याकडे बिल होतं, त्यावर मुदत छापलेली नव्हती आणि पहिल्यांदा परत गेली तेव्हा ३० दिवस व्हायचे होते. तक्रार नोंदवून तिला क्रमांक मिळाला, दोन आठवड्यांनी दुकानातूनच फोन आला, मिक्सर बदलून मिळाला. तसं झालं नसतं, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची आमची तयारी होती. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दुकान मुंबईचं असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. शिलाई मशिनवर स्वतःचं पोट भरणारी बाईही ग्राहकच, धंद्यासाठी घेतलं म्हणून तिला परत पाठवता येत नाही.

कुकरवालीला काहीच मिळालं नाही. तिनं पदरचे पैसे घालून दांडा बसवून घेतला.

त्यानंतर आम्ही सातजणी मिळून त्या दुकानात गेलो. भांडायला नाही, सामान घ्यायलाच. प्रत्येकीनं बिल मागितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "ताई, आता माझ्यावर विश्वास नाही का?" मावशी म्हणाल्या, "आहे ना दादा, म्हणून तर इथंच घेतोय. पण कागद दे." बिलबुक त्याच्याकडे नव्हतंच. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यानं आणलं. अजून कुरकुरतो, पण लिहून देतो, आणि आम्ही ती बिलं गटाच्या वहीत खिळ्याला अडकवून ठेवतो.