रुग्णवाहिका बोलावली कोणी, पैसे द्यायचे कोणी?



लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा सोडून शेतकी खात्याचा माणूस हे काय लिहायला लागला, असे काहीजण म्हणतील. कारण सांगतो. मागल्या पावसाळ्यात आमच्या गट कार्यालयात एक सभासद आले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या थोरल्याच्या ऊस बिलातून साडेतीन हजार कापा आन् माझ्या नावावर टाका."

झाले होते असे. थोरल्या भावाला आडसालीचे पाचट काढताना साप चावला. भाऊ विभक्त, बोलणे जेवढ्यास तेवढे, पण रान शेजारी. धाकट्याने धावत जाऊन माजलगावातून खाजगी रुग्णवाहिका बोलावली, अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजात नेले, माणूस वाचला. घरी आल्यावर पैशाचा विषय निघाला तेव्हा थोरले म्हणाले, "गाडी मी कुठं बोलावली होती?"

बिलातून कपात करायला सभासदाची लेखी संमती लागते, ती मिळणार नव्हती. तेव्हा त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून वकील मित्राला विचारले.

गाडीवाल्याच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. ज्याने फोन करून भाडे ठरवले, त्याच्याकडे तो पैसे मागणार. मग त्या माणसाने रुग्णाकडून वसूल करायचे की नाही, हा घरातला प्रश्न. 1872 च्या करार कायद्याचे कलम 70 असे सांगते की, एखाद्याने दुसऱ्यासाठी रीतसर काही केले, ते फुकट करण्याचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी. म्हणजे "मी बोलावलीच नव्हती" एवढे म्हणून सुटका होत नाही. पण सख्ख्या भावाने केलेली धावपळ ही मायेपोटी केली की पैसे परत घेण्याच्या बोलीवर, हे कोर्टात सिद्ध करणार कोण? साडेतीन हजारासाठी वकील लावला तर फी त्याच्या वर जाईल.

खरी हळहळ वेगळीच आहे. हा खर्च बहुधा झालाच नसता. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. राज्यात 937 गाड्यांनी ती सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतो आणि रुग्णाकडून किंवा फोन करणाऱ्याकडून एक पैसाही घेतला जात नाही. फोन भावाने करो, शेजाऱ्याने करो, नाहीतर रस्त्यावरच्या परक्याने. पिवळे रेशनकार्ड आहे का, गाव कोणते, हे विचारण्याचा प्रश्न नाही. आपल्याकडे टोळीवर आलेल्या ऊसतोड कामगारालाही ती तशीच मोफत आहे. मुकादमाने "उचलीत धरतो" म्हटले तर ऐकू नका.

बाळंतपणासाठी 102 आहे. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून सरकारी दवाखान्यात नेणे, तिथून मोठ्या दवाखान्यात हलवणे आणि बाळासह घरी आणून सोडणे, तिन्ही मोफत आहे. आजारी बाळाला एक वर्षापर्यंत. परतीच्या प्रवासाला आपले लोक अजून जीप करतात, हे मी डोळ्यांनी पाहतो.

आता, 108 ची गाडी कधी लांब असते. फोनवरच विचारा, किती वेळ लागेल. फार वेळ लागणार असेल तर वाट पाहत बसू नका, मिळेल त्या गाडीने निघा. खाजगी रुग्णवाहिका केलीच तर निघण्याआधी भाडे विचारा. तिचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवून देते, तो तक्ता दाखवा म्हणायला लाजू नका. आणि पावती घ्या, रुग्णाच्या नावाने. मेडिक्लेम असेल तर रुग्णवाहिकेचा खर्च बऱ्याच पॉलिसीत ठराविक मर्यादेपर्यंत मिळतो, पण पावतीवाचून नाही. वरच्या प्रकरणात धाकट्याकडे कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

परभणी रस्त्यावर अपघात दिसला तर "फोन केला की बिल आपल्या गळ्यात" या भीतीने लोक गाडी पुढे काढतात. ती भीती आता धरू नका. 2019 साली मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही.

एक आमच्या खात्याची गोष्ट. 108 वर फोन केल्यावर गट नंबर सांगू नका. तो आमच्या ऊस नोंदीला लागतो, ड्रायव्हरला त्याचा काही उपयोग नाही. गाव, फाटा, जवळचे मंदिर किंवा डीपी सांगा आणि एक माणूस मोटारसायकलवर फाट्यावर उभा करा. गाळपाच्या दिवसांत शेतरस्त्यावर उसाची ट्रॉली आडवी असेल तर आधी ती बाजूला घ्यायला सांगा.

त्या दोघा भावांचे म्हणाल, तर थोरल्याने दिवाळीत अर्धे पैसे दिले. उरलेल्याचे बोलणे अजून झालेले नाही.

— ऊस विकास अधिकारी